तोतया, हुंडी आणि अंगठा

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांकडे प्रथम पोहोचली ती एका सावकारी पत्राने, असे परंपरा सांगते. त्या पत्रात सेनापतींची नावे नव्हती, लढाईचा उल्लेख नव्हता. मोती गळाल्याचे आणि मोहरा हरविल्याचे व्यापाऱ्याच्या भाषेत कळविलेले होते. ज्याने वाचावयाचे त्यालाच अर्थ लागावा आणि वाटेत कोणी पत्र फोडले तर त्याला तो नुसता पेढीवरचा हिशेब वाटावा, ही सावकारांची जुनी युक्ती होती. मोत्यांचा अर्थ वाचणाऱ्यास लागला. विश्वासराव गेले, भाऊसाहेबही गेले. पण बातमी कळणे निराळे आणि ती मनाला पटणे निराळे.

भाऊसाहेबांच्या प्रेताविषयी समकालीनांनी जे लिहून ठेविले आहे त्यात एकवाक्यता नाही. ज्याचा देह सर्वांच्या देखत ओळखला गेला नाही तो मेला असे मानावयाचे कसे, हा प्रश्न शनिवारवाड्यात होता आणि खेड्यातल्या चावडीवरही होता. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचे निधन मान्य केले नाही व सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. एका स्त्रीच्या दुःखाचा तो हट्ट. त्यात कोणाचे काही वाईट व्हावे असे नव्हते. पण त्याच अनिश्चिततेच्या आडोशाने एका परक्या माणसाला उभे राहण्यास जागा मिळाली.

हा मनुष्य उत्तरेकडील कनोजा ब्राह्मण. कागदांत त्याचे नाव सुखनिधान, सुखलाल असे निरनिराळ्या तऱ्हांनी येते. आपणच सदाशिवराव भाऊ, रणातून वाचलो, असे तो पानिपतानंतर थोड्याच वर्षांत सांगू लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्याला धरून आणले, चौकशी झाली, सोंग उघडे पडले, आणि तो कैदेत पडला. शेवटी त्याला रत्नागिरीस ठेविले होते. येथे हे प्रकरण संपावयास हवे होते. परंतु १७७२ साली माधवराव वारले, १७७३ च्या ऑगस्टात नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि पुण्यात बारभाईंचा कारभार नुकताच उभा राहत होता. अशा वेळी, १७७६ साली, रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने आपल्याच ताब्यातील या कैद्याला मोकळे केले आणि धनी म्हणून पुढे आणले. लोभाने, असंतोषाने, की त्याची स्वतःचीही खरोखर खात्री पटली होती, ते सांगणे कठीण आहे. परिणाम मात्र स्पष्ट आहे. कोकणातील किल्ले भराभर त्याच्या हाती गेले. ग्रँट डफने त्याच्या सैन्याचा आकडा वीस हजार दिला आहे. बोरघाट चढून तो राजमाचीपर्यंत आला. तेथे महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. तो कुलाब्याकडे पळाला, मुंबईस जाण्याच्या बेतात असता राघोजी आंग्र्यांनी त्यास धरले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने हा प्रसंग महाराष्ट्रात घरोघरी पोहोचविला.

दुसऱ्याचे नाव चोरून त्या नावावर सत्ता, धन किंवा पत उचलणे या अपराधाची सगळी सामग्री या एका प्रकरणात आढळते. खरा मनुष्य समोर नाही. तो यावा अशी पुष्कळांची इच्छा आहे. आणि आतला कोणी अधिकारी ‘हाच तो’ म्हणून हमी देतो. तोतयाच्या अंगचे कसब यात तसे दुय्यमच म्हणावे लागेल. रत्नागिरीच्या अधिकाऱ्याने दार उघडले नसते तर तो कैदेतच म्हातारा झाला असता. बँकांतील अफरातफरीच्या चौकशा चाळणाऱ्याला हा आतला मनुष्य वारंवार भेटतो.

मराठी राज्याला कागदाचे रक्षण चांगले ठाऊक होते. पत्राच्या आरंभी शिक्का, अखेरीस मोर्तब; लांब कागद चिकटवून केलेला असेल तर सांध्यावर शिक्का, म्हणजे मधलेच एखादे पान बदलता येऊ नये; दप्तरात नोंद झाल्याची ‘बार’ची खूण. सनद खरी की खोटी असा वाद पडला तर दप्तरातील नोंदीशी ती ताडून पाहावयाची. कागदाला अशी दोन ठिकाणी मुळे होती. माणसाला मात्र एकच मूळ होते, आणि ते म्हणजे त्याला ओळखणारी माणसे. सैन्यात ही अडचण फार पूर्वीच जाणवली होती. हजेरीच्या दिवशी भाड्याचा घोडा आणि भाड्याचा शिपाई उभा करून पगार उचलण्याची लबाडी इतकी रुळली होती की अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांचे हुलिये, म्हणजे चेहऱ्यामोहऱ्याचे वर्णन, लिहून ठेवण्याची पद्धत घातली. अकबराने ती पुन्हा कडक केली. ‘हुलिया’ हा शब्द पुढे पोलिसांच्या दप्तरात जाऊन बसला, पण त्याचा जन्म पगाराच्या हिशेबातला आहे.

या सर्वांहून अधिक बारीक विचार केला तो सावकारांनी. हुंडी हा कागदाचा एक तुकडा. पुण्यात पैसे भरावे, काशीत उचलावे. मध्ये शेकडो कोसांचा रस्ता, त्यात चोर, पेंढारी, पूर, आजारपण. हुंडी हरवू शकते, चोरली जाऊ शकते, तिच्यातील आकडा बदलू शकतो, आणि ती घेऊन येणारा मनुष्य कोणीही असू शकतो. या प्रत्येक धोक्यावर पेढ्यांनी एकेक तोड काढलेली होती. रक्कम एकदा लिहून भागत नसे. हजाराची हुंडी असेल तर निमे पाचशे, त्यांचे दुप्पट, अशी ती फिरवून लिहिली जाई. एका शून्याने हजाराचे दहा हजार करू पाहणाऱ्याला पाचशेचेही काहीतरी करावे लागे. हुंडी देणारा सावकार ज्याच्यावर हुंडी केली त्या पेढीस स्वतंत्र पत्राने ती कळवीत असे. हुंडी एका हाताने जाई, तिचे वर्तमान दुसऱ्या हाताने. दोन्ही जुळल्यावर पैसे. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत, तीही गेली तर ‘परपेठ’. आणि तरीही काम न झाले तर मेजर, ज्यात गावच्या महाजनांचीच साक्ष असे. पैसे चुकते झाले की हुंडीचा ‘खोका’ होई आणि तो कागद पुन्हा बाजारात येऊ नये अशी व्यवस्था केली जाई.

पण या पद्धतीचा खरा कणा होता तो ‘शहाजोग’ या शब्दात. धनीजोग हुंडीचे पैसे धन्याला, नामजोगाचे नाव घातलेल्या माणसाला. शहाजोगाचे मात्र फक्त ‘शहा’ला, म्हणजे त्या बाजारपेठेत ज्याची पत सर्वांना माहीत आहे अशा व्यापाऱ्याला द्यावयाचे. परक्या माणसाने शहाजोग हुंडी आणली तर त्याला आधी एखादा शहा गाठावा लागे. तो शहा त्याची चौकशी करी, आणि आपल्या नावावर पैसे आणून देई. आता ती हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली तर? रिवाज असा की शहाने घेतलेली रक्कम व्याजासह परत करावी. पुढे इंग्रजी न्यायालयांपुढे असे दावे आले तेव्हा त्यांनाही हा रिवाज मान्य करावा लागला. म्हणजे माणूस ओळखण्याचे काम ज्याने पत्करले, ओळख चुकल्याचे नुकसानही त्यानेच सोसावयाचे. धन्याने आपली हुंडी सांभाळली नाही म्हणून त्याला चार शब्द ऐकावे लागत असतील. पण चुकीच्या माणसाच्या हाती पैसे देणाऱ्याला ‘मला काय ठाऊक’ असे म्हणून सुटता येत नसे.

ही व्यवस्था लहान बाजारपेठेत चाले, जेथे शहा शहाला ओळखतो. कंपनी सरकारचा कारभार अशा बाजारपेठेपुरता नव्हता. एका जिल्ह्यात लक्षावधी रयत, साहेबाला त्यांची भाषा अर्धीमुर्धी येणारी, आणि कागदावर सही म्हणजे बहुतेकांची एक फुली. १८५८ च्या जुलैत बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीसाठी राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी करार केला. पुढे हा मनुष्य ‘ही सही माझी नव्हे’ म्हणेल, या शंकेने हर्शेलने त्याच्या हाताला शाई लावून करारनाम्याच्या पाठीवर सबंध पंजा उमटवून घेतला. त्यामागे त्या वेळी शास्त्र नव्हते. नाकबूल होण्यास अवघड जावे एवढाच हेतू होता. पण हर्शेलला त्या रेषांचा नाद लागला. स्वतःचे, मित्रांचे ठसे त्याने वर्षानुवर्षे घेतले आणि ते वयाप्रमाणे बदलत नाहीत असे त्याच्या ध्यानात आले. १८७७ साली हुगळीस दंडाधिकारी असताना त्याने निवृत्तिवेतन घेणारे, दस्त नोंदविणारे आणि कैदी अशा तिघांनाही बोटांचे ठसे लागू केले. निवृत्तिवेतनाचे कारण सरळ होते. मेलेल्या पेन्शनराच्या नावाने त्याचा एखादा नातलग किंवा शेजारी दरमहा येऊन पैसे नेत असे, आणि खजिन्यातील कारकुनाला म्हाताऱ्या चेहऱ्यांतील भेद कळत नसे.

ठसे घेणे सोपे, पण हजारो ठशांतून नेमका एक शोधून काढणे कठीण. ते वर्गीकरण कलकत्त्यात बसले. एडवर्ड हेन्री यांचे नाव त्याला मिळाले. त्यामागील गणिताचे व मांडणीचे काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचे होते, आणि त्यांना त्याचे श्रेय मिळावयास पुष्कळ वर्षे लागली. १८९७ साली कलकत्त्यास जगातील पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय निघाले. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात तशी शाखा उघडली ती १९०१ मध्ये. आपल्या दस्तांवर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे लिहिले जाते त्याचा उगम हुगळीच्या त्या कचेरीत आहे. निरक्षराची खूण म्हणून अंगठ्याला हिणविण्याची रीत नंतर पडली. वास्तविक साक्षराच्या सहीपेक्षा ती खूण अधिक खात्रीची होती, आणि सुशिक्षितांनी तिला नाक मुरडावे यात थोडा विनोदच आहे.

ठसे नसले म्हणजे काय होते ते पूर्व बंगालच्या भवालच्या खटल्याने दाखविले. भवाल संस्थानचा मधला कुमार १९०९ साली दार्जिलिंगला मरण पावला असे सर्वांनी धरले होते. १९२१ साली ढाक्यात एक संन्यासी आला आणि तोच कुमार असल्याचे लोक म्हणू लागले. हजाराहून अधिक साक्षीदार तपासले गेले. अंगावरील खुणा, पायाची त्वचा, विमा उतरविताना डॉक्टरने केलेल्या नोंदी असे सर्व काही पुराव्यात आले. ढाक्याचे न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी १९३६ साली, उच्च न्यायालयाने १९४० साली आणि प्रिव्ही कौन्सिलने १९४६ साली त्या मनुष्याच्या बाजूने निकाल दिला. तो तोतया नव्हता, खरा होता, असे ठरले. आणि नंतर थोड्याच दिवसांत तो वारला. तोतयाचे सोंग जितके भयंकर, तितकेच खऱ्या माणसाला आपण आपणच आहो हे सिद्ध करण्यासाठी वीस-पंचवीस वर्षे दारोदार फिरावे लागणे हेही भयंकर. पुढे बँकांच्या दारी ज्यांना हा अनुभव आला ते राजकुमार नव्हते.

बँकेने अंगठ्याऐवजी सही घेतली. खातेदार आपल्या सहीचा नमुना देतो, धनादेशावरील सही त्याच्याशी ताडून पैसे दिले जातात. येथे कायद्याची भूमिका शहाजोगाच्या रिवाजाहून फारशी निराळी नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. खोटी सही असलेला धनादेश हा खातेदाराचा हुकूमच नव्हे. म्हणून त्यावर दिलेला पैसा बँकेने आपल्या खिशातून दिला असे समजावे, हे तत्त्व. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कॅनरा बँकेच्या एका खटल्यात ते निःसंदिग्ध शब्दांत मांडले. एका कंपनीच्या हिशेबनिसाने व्यवस्थापकीय संचालकाची सही करून बेचाळीस धनादेश वटविले. रक्कम सव्वातीन लाखांवर गेली. बराच काळ कोणाच्या लक्षात आले नाही. बँकेचे म्हणणे, खातेदाराने वेळेवर हिशेब तपासावयास हवा होता. न्यायालयाने ते मानले नाही. नुसत्या निष्काळजीपणाने खातेदाराचा हक्क बुडत नाही, असे ठरले.

परंतु निष्काळजीपणा आणि जाणूनबुजून गप्प बसणे यांत कायदा भेद करतो. इंग्लंडातील एका दाव्यात, ज्याचा निकाल १९३३ च्या विधिवृत्तात छापलेला आहे, पत्नीने पतीची सही करून खात्यातून पैसे काढले होते. पतीला ते कळले. लाजेने किंवा तिच्या मायेने, तो काही महिने बँकेशी बोलला नाही. नंतर पत्नीने आत्महत्या केली आणि पतीने बँकेवर दावा लावला. हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला एक पैसाही दिला नाही. कळल्या दिवशी त्याने सांगितले असते तर बँकेला पत्नीविरुद्ध काही करता आले असते; त्याच्या मौनाने ती संधी गेली. घरातील माणसाने फसविले असता ते झाकून ठेवावेसे वाटणे इतके स्वाभाविक आहे, की या निकालाची कठोरता वाचताना मन थोडे अवघडते. तरी तर्क सुटत नाही.

सही, शिक्का, अंगठा या सर्वांना बगल देऊन नुसत्या आवाजावर पैसे काढण्याचा स्वतंत्र भारतातील सर्वांत गाजलेला प्रकार २४ मे १९७१ रोजी नवी दिल्लीत घडला. स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील शाखेत मुख्य खजांची वेदप्रकाश मल्होत्रा यांना दूरध्वनी आला. प्रथम पंतप्रधानांच्या सचिवाचे नाव सांगणारा आवाज, मग स्वतः पंतप्रधान इंदिरा गांधींचा म्हणून आवाज. बांगलादेशाच्या अत्यंत गुप्त कामासाठी साठ लाख रुपये हवेत. ठरल्या जागी एक गृहस्थ भेटतील, खुणेचा शब्द सांगतील, त्यांना रक्कम द्यावी. पावती नंतर मिळेल. पूर्व बंगालात त्या दिवसांत काय चालले होते ते सर्वांना ठाऊक होते, म्हणून ही मागणी अशक्य वाटली नाही. मल्होत्रांनी पेट्या गाडीत घातल्या, खुणेचा शब्द ऐकला, पैसे दिले. पावतीसाठी ते पंतप्रधानांच्या निवासस्थानी गेले तेव्हा असा दूरध्वनी झालाच नाही असे त्यांना कळले. त्याच दिवशी रुस्तम सोहराब नगरवाला हा माजी लष्करी अधिकारी पकडला गेला आणि बहुतेक सर्व रक्कम परत मिळाली. त्याने कबुली दिली आणि तीन दिवसांत त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. मार्च १९७२ मध्ये तो कैदेत असतानाच वारला. खटल्याच्या या विलक्षण घाईमुळे आणि पुढील मृत्यूमुळे नाना तर्क उठले, १९७७ नंतर न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांच्या आयोगापुढे सर्व प्रकरण पुन्हा उगाळले गेले, आणि संशयाचे धुके पुरते निवळले असे काही झाले नाही.

ते राजकारण बाजूला ठेवून त्या सकाळच्या घटनेकडे केवळ खजांचीच्या मेजावरून पाहिले तर काय दिसते? वरिष्ठाचा दरारा, गुप्ततेची अट, म्हणजे शेजाऱ्याला विचारू नये, घाई, म्हणजे स्वतःलाही विचारू नये, आणि पावतीवाचून पैसे. हुंडीचे वर्तमान दुसऱ्या हाताने यावे हा सावकारांचा नियम तेथे पाळला गेला असता, म्हणजे फोन ठेवून पंतप्रधानांच्या कचेरीला बँकेने आपण होऊन एक फोन केला असता, तर साठ लाख रुपये तिजोरीतून हलले नसते. २०२४ साली ‘डिजिटल अटक’ या नावाखाली देशभर जी लूट झाली तिची घडण हीच आहे. पडद्यावर पोलिसी गणवेशातला मनुष्य, तुमच्या नावाने आलेल्या पार्सलात अंमली पदार्थ सापडल्याचा धाक, घरात कोणाशी बोलावयाचे नाही ही तंबी, आणि ‘तपासणीसाठी’ सर्व ठेवी एका खात्यात वळविण्याचा हुकूम. भारतीय कायद्यात अशी पडद्यावरची अटक मुळात नाही. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी त्यात सापडले. त्यांना हसणाऱ्यांनी संसद मार्गावरील मुरब्बी खजांचीची आठवण ठेवावी.

विद्युत्‌यंत्रांवर पैसा गेल्यावर सहीची जागा आकड्यांनी घेतली. कार्डाचा क्रमांक, गुप्त संकेतांक, आणि २००९ पासून रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेने ऑनलाइन व्यवहारांसाठी दुसरी खूण, जिने पुढे भ्रमणध्वनीवर येणाऱ्या ओटीपीचे रूप घेतले. हुंडी एका हाताने आणि वर्तमान दुसऱ्या हाताने, हेच तत्त्व येथे नव्या वेषात आले. म्हणूनच भामट्यांचे सारे लक्ष त्या दुसऱ्या हाताकडे लागले. कोणी बँकेतून बोलतो म्हणून ओटीपी विचारून घेतो. कोणी खोट्या कागदांवर तुमच्या क्रमांकाचे नवे सिमकार्ड काढतो, तुमचा फोन एकाएकी मुका होतो आणि संदेश त्याच्या हाती जातात. अशा वेळी जाळे गेले असेल म्हणून सकाळपर्यंत वाट पाहणाऱ्यांची खाती रात्रीतून रिकामी झालेली आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने दुसऱ्याची सही, संकेतशब्द किंवा ओळखीची खूण चोरून वापरणे हा कलम ६६-सी अन्वये स्वतंत्र अपराध ठरला; शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सुखनिधानाचा अपराध राजद्रोह म्हणून गणला गेला होता. ओळखीची चोरी हा निराळा गुन्हा आहे हे कायद्याने नाव घेऊन सांगावयास एवढा काळ लागला.

नुकसान कोणी सोसावे या जुन्या प्रश्नाचे उत्तर रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात दिले. चूक बँकेची असेल तर खातेदारावर काहीच भार नाही. चूक बँकेची नाही, खातेदाराचीही नाही, मधल्याच कोठे दार उघडे राहिले, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविले तरीही भार शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास खात्याच्या प्रकाराप्रमाणे पाच, दहा किंवा पंचवीस हजारांपर्यंत मर्यादित. खातेदाराने स्वतःच संकेतांक दुसऱ्यास सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. कळविल्यावर दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करावयाची, आणि दोष खातेदाराचा होता हे सिद्ध करण्याचा बोजा बँकेवर. इंग्लंडातील त्या पतीचा दावा आणि शहाजोगाचा रिवाज या दोहोंचा मेळ या कागदात पडलेला दिसतो. हे कलम खातेदारांना फारसे माहीत नव्हते. शाखेतील कारकून ‘पोलिसांत जा’ म्हणून वाटेस लावी, पोलीस ‘बँकेत जा’ म्हणत, आणि तीन दिवस तेवढ्यात संपत.

पैशाचा माग लवकर घ्यावा लागतो, कारण चोरलेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून ती काही मिनिटांत चार-पाच ठिकाणी फुटते आणि शेवटी रोखीत निघते. खाते भाड्याने देणारे बहुधा थोड्या पैशांच्या लोभाने फसलेले तरुण असतात. यासाठी २०२१ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने बँकांना जोडणारी यंत्रणा उभी केली. तिचा क्रमांक पुढे १९३० झाला. या क्रमांकावर खाते, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ सांगितली की ज्या बँकेत पैसा पोहोचला असेल तेथे तो अडविण्याची सूचना जाते. बँकेच्या अधिकृत क्रमांकावर, म्हणजे कार्डाच्या पाठीवर छापलेल्या, शोधयंत्राने दाखविलेल्या नव्हे, कळवून तक्रारीचा क्रमांक घेणे. कार्ड व खात्याचे ऑनलाइन दार बंद करविणे. संदेश पुसून न टाकणे. लेखी तक्रारीची पोच घेणे: ही सर्व कामे त्याच तासातली. पेढीवर हुंडी हरविल्याची वर्दी देणारा गुमास्ता जेवावयास थांबत नसे.

काही चोऱ्या खात्यातून पैसा जाऊन होत नाहीत. उलट नावावर कर्ज येऊन होतात. २०२२ च्या आरंभी देशात अनेक नागरिकांना असे आढळले की आपल्या पॅन क्रमांकावर कोणी परक्याने मोबाइलवरून छोटी कर्जे उचलली आहेत, आणि थकबाकीदार म्हणून आपले नाव पतमापन संस्थांच्या दप्तरात चढले आहे. बहुतेकांना ते कळले गृहकर्जाचा अर्ज नाकारला गेला तेव्हा. २०१७ पासून प्रत्येक पतमापन संस्थेने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा नियम झाला, तो याच कामाचा. त्यात अनोळखी कर्ज दिसताच कर्ज देणाऱ्या संस्थेकडे आणि पतमापन संस्थेकडे लेखी हरकत घ्यावयाची. तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास तक्रारदारास दर दिवसाला १०० रुपये भरपाई, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरविले. भवालच्या कुमाराला ही सोय नव्हती.

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे एका आदिवासी स्त्रीस देण्यात आला. ज्या अंगठ्याला एकेकाळी निरक्षरपणाची खूण म्हणत, तोच आता गावच्या दुकानात यंत्रावर टेकवून बँकेचे पैसे काढता येऊ लागले. मैलोन्‌मैल चालून शाखा गाठणाऱ्यांची ती मोठी सोय झाली. आणि मग पोलिसांना निराळेच गुन्हे दिसू लागले. जमिनीच्या नोंदणीचे दस्त संकेतस्थळांवर खुले होते. त्यांवर खरेदी देणाऱ्याघेणाऱ्यांचे अंगठे होते. ते उतरवून भामट्यांनी रबरासारख्या पदार्थाचे ठसे केले आणि त्या ठशांनी दूरच्या खेडुतांच्या खात्यांतून रकमा काढल्या. ‘ही सही माझी नव्हे’ असे कोणी म्हणू नये म्हणून हर्शेलने जो अंगठा दस्तावर आणला, त्याच दस्तावरून तो चोरीस गेला. संकेतशब्द बदलता येतो, कार्ड नवे मिळते. बोट बदलता येत नाही. म्हणून आधार प्राधिकरणाने अंगठ्याला कुलूप घालण्याची सोय केली. नागरिकाने ते लावून ठेवावे, आणि पैसे काढावयाचे तेव्हा तेवढ्यापुरते उघडावे. संकेतस्थळावरील दस्तांतील ठसे झाकण्याच्या सूचना नोंदणी खात्यांना गेल्या त्या यानंतर.